पाचवं घर

शारजात, सनय्यातल्या मागच्या गल्लीत,
रात्री साडेअकराला शटर अर्धं ओढून
खलफानच्या गाडीचं हेड बाकावर उलथं ठेवलं.
सहा घरं, आ वासलेली, काजळलेली,
एका रांगेत मांडलेले आप्पेपात्राचे खळगे.

रॉकेलचा ब्रश मारला. काजळी सुटली
आणि खाली हात दिसला.

बर चालवताना उजव्या हाताच्या माणसाच्या रेघा
एका अंगाला झुकतात. माझ्या झुकतात तशा.
या उलट्या झुकलेल्या.
सबंध सनय्यात डावखुरा एकच होता,
दस्तगीर मुजावर, मिरजेचा.
पहिल्या आठवड्यात त्यानं माझं कोपर
सुतळीनं बाकाला बांधून टाकलं होतं.
"कोपर हवेत गेलं की धातू तुला खातोय," म्हणायचा,
स्वतःचंच ऐकू येत नसल्यासारखा, ओरडून.
पुढं खरंच ऐकू येईना, तेव्हा गावी गेला.

प्रत्येक घराच्या काठाला सुईनं कोरलेला आकडा,
देवनागरीत, म्हणजे मालकाला वाचता येऊ नये.
५८.६, ५८.६, ५८.६, ५८.६,
पाचव्याला ५८.२,
सहाव्याला पुन्हा ५८.६.

खलफानला आता टर्बो बसवायचाय.
करकचा कागदी कप बॉनेटवर ठेवून म्हणाला,
"बासठ करो. सब बराबर."
बासष्ट म्हणजे दर घरातून साडेतीन सीसी,
चहाचा चमचाही भरत नाही एवढं ॲल्युमिनियम.
तेवढ्यात दस्तगीरचा हात मात्र पुसला जाणार.

सीटला ओरखडा नको म्हणून जुने व्हॉल्व्ह बसवले,
गॅस्केटची रेघ निळ्या शाईवर ओढून घेतली.
पहिलं घर. व्हॉल्व्हला चिकटून बसलेली भिंत मागं सारली,
धारदार कडा मोडल्या. कडा तापली
की ठिणगीआधीच पेट घेते, आणि पिस्टन जातो.
दुसरं. तिसरं. चौथं.
एसी बंद पडलेला. दमट हवा शटरखालून आत येत होती,
बुब्बुळावर चिकटलेला चुरा घामानं खाली येईना.

पाचव्याशी थांबलो.
पॉइंट चार कमी. म्हातारा चुकला, म्हटलं.
चाळीशी लागली असेल, किंवा त्या दिवशी पगार थकला असेल.
खरं सांगायचं तर जरा बरंही वाटलं.
फोटो काढून पाठवला, खाली लिहिलं,
"चाचा, हे कसं राहिलं?"

पावणेचारला उत्तर आलं. तिकडे सव्वापाच,
नमाजाला उठला असणार.

"राहिलं न्हाई, ठेवलंय. एक्झॉस्टकडं घुसू नगं.
वतताना कोर सरकलाय. पल्याड पानी हाय.
प्लगच्या अंगानं घे."

मी टिचकी मारली.
बाकीची घरं बद्द वाजली,
पाचवं त्या एका बाजूला किंचित वरच्या सुरात.
पत्रा नाही म्हणता येणार, पण भिंतही नाही.
माझा बर तिथून दोन बोटांवर होता.

फोन पुन्हा थरथरला. एकच शब्द:
"कोपर?"

पाहिलं. हवेत होतं.

सुतळी सापडली नाही. केबल टाय वापरला.
प्लगच्या अंगानं घेतलं, केस केस करत,
दर वेळी ग्रीस लावून काच बसवायची,
ब्युरेटमधून लाल रॉकेल सोडायचं,
बुडबुडा कोपऱ्यात अडकला की पुन्हा पहिल्यापासून.
एकसष्ट पॉइंट तीन.
एकसष्ट पॉइंट आठ.
गल्लीच्या टोकाला नियाजची भट्टी पेटली, रोटीचा वास आला.
बासष्ट.

सुईनं आकडे कोरले, देवनागरीतच.
पाचव्यापुढं एक बारीक नागमोडी रेघ,
पाण्याची. पुढच्याला कळेल तर कळेल.

बाकी पाच घरांत आता माझ्या रेघा आहेत.
पाचव्यात एक्झॉस्टच्या अंगाला, अंगठ्याएवढ्या जागेत,
त्या उलट्या झुकलेल्या अजून तशाच.
तिथं हात लावता येत नाही.